थंड देशांतील घरांची ऊब व तिचा खर्च

आमच्या विद्यार्थी वाचकांपैकीं बहुतेकांस थंडीचा अनुभव म्हणजे पौष-माघांतील पहांटेचा गारठा, अंगणांतील शेकोटी आणि अंगावरील घोंगडी, एवढाच असतो. परंतु ज्या देशांत वर्षांतून सहा-सात महिने घर तापवावें लागतें, तेथें ऊब ही अन्नवस्त्रांइतकीच निकडीची गरज होय. थंड हवेच्या प्रदेशांत घरांतील उष्णतामान १८ अंश सेंटिग्रेडच्या खालीं जाऊं देऊं नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं केली. त्याहून अधिक गारठ्यांत वृद्धांचा रक्तदाब वाढतो व श्वसनाचे विकार बळावतात. म्हणून "जेवण घ्यावें कीं घर तापवावें" असा प्रश्न जेव्हां एखाद्या गरीब कुटुंबापुढें उभा राहतो, तेव्हां त्याचें उत्तर जिवावर बेतूं शकतें.

उदाहरणादाखल ब्रिटन देश घेऊं. आपल्याकडील अनेक मराठी कुटुंबेंहि तेथें स्थायिक झालीं आहेत. तेथील बहुसंख्य घरें नळावाटे येणाऱ्या गॅसवर तापविलीं जातात. परंतु वेल्सच्या डोंगराळ भागांत, कॉर्नवॉलच्या खेड्यांत व स्कॉटलंडच्या उत्तरेस हे नळ पुष्कळ ठिकाणीं पोंचलेले नाहींत. उत्तर आयर्लंडांत तर समुद्राखालून नैसर्गिक गॅस आणणारी नळी १९९६ सालीं पुरी झाली. अशा नळ नसलेल्या घरानें आपल्या ऐपतीस साजेल अशी ऊब कशी निवडावी, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम घोंगडी पाहूं. घोंगडी स्वतः उष्णता उत्पन्न करीत नाहीं. ती अंगची उष्णता बाहेर जाऊं देत नाहीं, इतकेंच. घराचेंहि तसेंच आहे. ज्या घरास आवरण नाहीं, त्याची सुमारें चौथा हिस्सा उष्णता छपरावाटे निघून जाते, व भिंतींवाटे त्याहूनहि अधिक. छपराखालीं सुमारें २७० मिलिमीटर जाडीचा काचलोकरीचा थर अंथरला, दारांखिडक्यांच्या फटी बुजविल्या आणि जाड पडदे लावले, म्हणजे कोणतेंहि इंधन घेतलें तरी तें कमी लागतें. मात्र हवा खेळण्यास वाट ठेवलीच पाहिजे; नाहीं तर भिंतींस ओल येऊन बुरशी धरते.

आतां इंधनें पाहूं. तेल लिटरनें विकलें जातें, लांकूड वजनानें किंवा ढिगानें व वीज युनिटनें. म्हणून नुसत्या किंमती शेजारीं मांडून कांहींच कळत नाहीं. सर्वांस एकच माप लावावें लागतें. आपल्या विजेच्या बिलावरील "युनिट" हें माप सोयीचें आहे. एक हजार वॅटचा हीटर एक तास चालला कीं एक युनिट वीज खर्च होते, आणि तिची सगळी उष्णता होते.

तापविण्याचें तेल हें आपल्याकडील घासलेटाच्याच जातीचें असतें. एका लिटरांत सुमारें १० युनिटें उष्णता असते. चांगल्या बॉयलरमधून त्यांपैकीं ९ घरास मिळतात. अडचण अशी कीं, पुष्कळ व्यापारी एका वेळीं ५०० लिटरांहून कमी तेल पोंचवीत नाहींत. ज्याच्यापाशीं तेवढी रक्कम एकदम नसते, तो लहान डब्यांनीं चढ्या भावानें तेल घेतो. म्हणजे गरिबासच ऊब महाग पडते. यावर उपाय म्हणून कांहीं गांवांत शेजारी एकत्र येऊन तेल मागवितात व भाव पाडून घेतात.

टाकींत भरून मिळणारा द्रवरूप गॅस लिटरास सुमारें ७ युनिटें देतो. वाळलेलें लांकूड किलोस सुमारें ४ युनिटें देतें. ओलें लांकूड मात्र आपलेंच पाणी आटविण्यांत बरीच उष्णता घालवितें व धूरहि फार करतें. विजेचा साधा हीटर विकत घेण्यास स्वस्त, पण चालविण्यास बहुधा सर्वांत महाग. रात्रीं वीज स्वस्त मिळत असल्यास विटा भरलेला हीटर रात्रीं तापवून त्याची ऊब दिवसा घेतां येते. ब्रिटनमध्यें सात तासांच्या अशा सवलतीची पद्धत १९७८ सालीं सुरू झाली.

राहिला उष्णता-पंप. रेफ्रिजरेटर आंतील उष्णता ओढून बाहेर टाकतो. हा पंप तसेंच बाहेरच्या हवेंतील उष्णता ओढून घरांत आणतो. गार हवेंत उष्णता कोठून, असें कोणी विचारील. परंतु उष्णतेचा खरा तळ उणे २७३ अंशांवर आहे. त्या मानानें बर्फाळ हवाहि ऊनच म्हणावयाची. पुढें लॉर्ड केल्व्हिन या नांवानें प्रसिद्धीस आलेले ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम टॉमसन यांनीं ही कल्पना १८५२ सालींच मांडली होती. एक युनिट वीज घेऊन हा पंप सुमारें ३ युनिटें उष्णता देतो. मात्र बसविण्यास हजारों पौंड पडतात. म्हणून इंग्लंड व वेल्समध्यें त्याकरितां मिळणारें सरकारी साहाय्य ऑक्टोबर २०२३ मध्यें ५००० पौंडांवरून ७५०० पौंड करण्यांत आलें.

आतां गणित मांडूं. एखाद्या घरास वर्षास ९००० युनिटें उष्णता लागते असें समजा. तेलानें १००० लिटर, साध्या हीटरनें ९००० युनिटें वीज, आणि पंपानें ३००० युनिटें वीज लागेल. म्हणजे एक लिटर तेलाची किंमत तीन युनिटें विजेहून अधिक असेल, तर पंपाचा चालू खर्च कमी. उलट असेल तर तेल स्वस्त. वर्षाची बचत किती, व ती यंत्राची किंमत किती वर्षांत फेडील, हें मग सहज काढतां येतें. आणि घोंगडीच्या उपायांनीं ९००० ची गरज ६००० वर आली, तर वरील प्रत्येक आंकडा एकतृतीयांशानें उतरतो. म्हणूनच आधीं घर झांकावें, मग यंत्र निवडावें. अशा घरास यंत्रहि लहान व कमी किंमतीचें पुरतें.

एक इशारा दिल्यावांचून हा लेख पुरा करणें योग्य होणार नाहीं. जेथें कांहीं जळतें, तेथें हवा अपुरी पडल्यास कार्बन मोनॉक्साइड वायु उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. मनुष्य झोंपेंतच दगावतो. बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवून निजणें अथवा खिडकी नसलेल्या न्हाणीघरांत गॅसचा गीझर लावणें आपल्याकडेहि तितकेंच घातक आहे.

आपल्या प्रांतीं घर तापवावें लागत नाहीं. तथापि स्नानाचें पाणी लांकडाच्या बंबावर, गॅसवर कीं विजेवर तापवावें, हा प्रश्न याच जातीचा होय. पालकांनीं आपल्या मुलांस घरचीं बिलें देऊन हा हिशेब त्यांच्याकडून करवून घ्यावा, अशी आमची सूचना आहे. वर्गांत शिकलेला त्रैराशिकाचा नियम त्यास पुरेसा आहे.