राजकीय नेत्यांची शैक्षणिक पार्श्वभूमी

राजकीय नेतृत्व करणाऱ्या व्यक्तींनी घेतलेले औपचारिक शिक्षण, व्यावसायिक प्रशिक्षण आणि सार्वजनिक कार्यातून मिळविलेला अनुभव यांचा समुच्चय. नेत्यांची तुलना करताना बहुधा पदव्याच विचारात घेतल्या जातात. परंतु पदवी ही व्यक्तीच्या बुद्धीइतकीच तिला लाभलेल्या संधीचीही निदर्शक असते.

महाराष्ट्रातील आरंभीचे राजकीय नेतृत्व मुख्यत्वे मुंबई विद्यापीठाच्या (स्थापना १८५७) पदवीधरांतून उदयास आले. न्या. रानडे व लोकमान्य टिळक हे कायद्याचे पदवीधर होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीमुळे अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात अध्ययन केले व पुढे लंडन येथे अर्थशास्त्र आणि कायदा यांचे उच्च शिक्षण घेतले. वकिलीमुळे शासकीय नोकरीवाचून उपजीविका शक्य होई व कायदेमंडळाच्या कामकाजास आवश्यक ज्ञानही मिळे.

राज्यनिर्मितीनंतर (१९६०) हीच परंपरा काही काळ टिकली. पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण शेतकरी कुटुंबातील होते. विद्यार्थिदशेत कारावास भोगूनही ते १९३८ मध्ये बी. ए. व १९४१ मध्ये एल्एल्. बी. झाले. वसंतराव नाईक हेही वकील होते. याउलट वसंतदादा पाटील यांचे शालेय शिक्षण अल्प होते. स्वातंत्र्यलढा व सहकारी चळवळ हीच त्यांची पाठशाळा. तथापि, १९८३ मध्ये त्यांच्याच शासनाने विनाअनुदानित खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी दिली. त्यामुळे तंत्रशिक्षणाचा विस्तार झाला, तसेच देणगीशुल्काचा प्रश्नही उद्भवला; त्यास प्रतिबंध करणारा कायदा राज्याने १९८७ मध्ये केला. या निर्णयाचे श्रेय वा दोष नेत्याच्या पदवीवरून ठरविता येत नाही.

सार्वजनिक कार्याचे पद्धतशीर शिक्षण देणाऱ्या संस्थांत मुंबईतील टाटा सामाजिक विज्ञान संस्था महत्त्वाची होय. १९३६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था १९५४ मध्ये उपनगरातील देवनार येथे स्थलांतरित झाली. नर्मदा बचाव आंदोलनाच्या नेत्या मेधा पाटकर यांनी येथेच समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली. मात्र त्यांचे नेतृत्व सिद्ध झाले ते नर्मदा खोऱ्यातील विस्थापितांमध्ये.

भारतीय संविधानात संसद व विधिमंडळ सदस्यांसाठी शैक्षणिक पात्रतेची अट नाही. संविधान सभेचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी २६ नोव्हेंबर १९४९ रोजी याबद्दल खेद व्यक्त केला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ मधील निर्णयांनंतर उमेदवारास आपले शिक्षण शपथपत्रात नमूद करावे लागते. मात्र ती माहिती मतदारांसाठी आहे, पात्रतेची अट नव्हे. हरयाणाने पंचायत निवडणुकांसाठी घातलेली शैक्षणिक अट २०१५ मध्ये न्यायालयाने वैध ठरविली, तर राजस्थानने तशीच अट २०१९ मध्ये रद्द केली. अशा अटींमुळे शिक्षणापासून वंचित राहिलेले स्त्रिया व दलित प्रतिनिधित्वासही मुकतात, हा त्यांवरील प्रमुख आक्षेप होय. म्हणून शैक्षणिक तुलना करताना पदवीबरोबरच ती कोणत्या परिस्थितीत मिळाली अथवा मिळू शकली नाही आणि सत्तेवर असताना नेत्याने इतरांच्या शिक्षणासाठी काय केले, हेही पाहणे आवश्यक ठरते.