काट्याचा आकडा आणि मजुरीचे खाते

नागपूरच्या पूर्वेला कळमन्याचे बाजार आवार आहे. संत्री, मिरची, धान्य, भाजीपाला असा सगळ्याच मालाचा हा बाजार. गाडी लागली की हमाल माल उतरवतात, लिलाव होतो, मापारी वजन करतो आणि अडत्याचा दिवाणजी पट्टी लिहितो. पोत्याचा भार ज्याच्या पाठीवर पडतो त्याचा त्या पट्टीशी संबंध शेवटी येतो. पण त्याची मजुरी ठरते ती त्याच कागदावर. किती नग उतरले, वजन किती भरले, हमालीचा दर काय लागला, आधी घेतलेली उचल किती वळती झाली, हे सारे तिथे आकड्यांत असते. प्रौढ शिक्षणाने माणूस रोजगारासाठी तयार होतो असे आपण सरसकट म्हणतो. कळमन्यासारख्या ठिकाणी त्या विधानाचा अर्थ नेमका करावा लागतो. माझे म्हणणे असे की कष्टकऱ्याचे शिक्षण त्याच्या आजच्या कामाच्या हिशेबापासून सुरू झाले, तरच ते त्याला उद्याच्या कामापर्यंत नेते. नुसत्या बाराखडीच्या तक्त्याला हे जमत नाही आणि वाचनाचा पाया नसताना दिलेल्या कौशल्याच्या प्रमाणपत्रालाही जमत नाही.

यावर पहिला आक्षेप वयाचा असतो. चाळिशीच्या माणसाच्या डोक्यात आता काय शिरणार, असे त्याचे आप्तच म्हणतात, आणि पुष्कळदा तो स्वतःही. पण बाजारात काम करणारा माणूस दिवसभर तोंडी हिशेब करतच असतो. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. विक्री करता करता विचारलेली 98 टक्के गणिते त्यांनी बरोबर सोडवली. तीच आकडेमोड शाळेच्या पद्धतीने पुढे ठेवल्यावर बरोबर उत्तरे 37 टक्क्यांवर आली. ती मुले होती, प्रौढ नव्हती, आणि संख्येनेही थोडी होती, हे मान्य. तरी त्यातून दिसणारी गोष्ट कोणत्याही बाजाराला लागू पडते: बुद्धी आणि हिशेब दोन्ही आधीपासून असतात, त्यांना कागदावर उतरवण्याचा रस्ता तेवढा नसतो. पूर्व विदर्भात ज्याला मिरचीचा सातरा म्हणतात, तिथे बाया दिवसभर मिरचीचे देठ खुडतात आणि निवडलेल्या वजनावर त्यांना पैसे मिळतात. किलोमागे दर आणि भरलेले वजन यांचा गुणाकार त्या बाईला तोंडी येतो. काट्यावरचा दशांश आणि वहीतली नोंद वाचता आली, की आपल्या तोंडी हिशेबाचा पुरावा तिच्या हातात येतो.

सरकारी आकडेवारीत ही अडचण दिसत नाही. 2011 च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्याची साक्षरता 88 टक्क्यांच्या आसपास होती, राज्याची 82 टक्क्यांच्या वर. पण जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे कोणतीही एक भाषा समजून वाचता-लिहिता येणारी, सात वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती साक्षर ठरते. त्या व्याख्येत आकडेमोड नाही. शिवाय घरी विचारून केलेली ती नोंद असते, चाचणी नसते. म्हणजे कागदोपत्री साक्षर असलेला माणूस पट्टीतली वजावट समजू शकेलच असे नाही. आपल्या मोहिमाही बराच काळ डोकी मोजत राहिल्या. 2 ऑक्टोबर 1978 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाने 15 ते 35 वयोगटातल्या दहा कोटी लोकांचे लक्ष्य ठेवले होते. सरकार बदलले आणि त्याचा जोर ओसरला. 1988 चे साक्षरता मिशन आणि 2009 चे साक्षर भारत यांनी पुष्कळ लोकांना अक्षरओळख करून दिली, हे काम लहान नव्हते. पण वर्ग संपल्यावर त्या अक्षरांचा रोजच्या कामात उपयोग कुठे, हे बहुतेक ठिकाणी शिकणाऱ्यानेच शोधायचे राहिले. वापरात नसलेले वाचन विसरायला फार दिवस लागत नाहीत.

खेदाची गोष्ट ही की या प्रश्नावर सर्वांत खोल विचार कळमन्यापासून फार दूर झालेला नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातातल्या उद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि 1945 मध्ये सेवाग्रामला तिची व्याप्ती वाढवून प्रौढांचे शिक्षणही नई तालीममध्ये आणले. 1958 मध्ये केंद्र सरकारने श्रमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापन केले आणि त्याचे मुख्यालय नागपुरात ठेवले. आर्वीत जन्मलेले कामगार नेते दत्तोपंत ठेंगडी यांचे नाव पुढे त्या मंडळाला देण्यात आले. त्या मंडळाची रीत मला आजही मोलाची वाटते. शिक्षण अधिकारी कामगारांमधूनच निवडलेल्यांना शिकवत आणि ते श्रमिक-शिक्षक होऊन आपल्या कारखान्यातल्या सोबत्यांचे वर्ग घेत. शिकवणाऱ्याला कामाची भाषा वेगळी शिकावी लागत नसे. 1967 मध्ये मुंबईत पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले, ज्यातून आजच्या जन शिक्षण संस्था वाढल्या. निरक्षर, नवसाक्षर आणि थोडे शिकलेल्यांना व्यवसाय शिकवणाऱ्या या संस्था 2018 मध्ये शिक्षण खात्याच्या मंत्रालयातून कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेल्या. त्यामागचा हेतू रोजगाराशी जवळीक हा असला, तरी साक्षरता एका मंत्रालयात आणि कौशल्य दुसऱ्यात अशी वाटणी झाली. शिकणारा माणूस मात्र एकच असतो, आणि त्याला दोन्ही एकाच संध्याकाळी हवे असते.

इथे विचारी वाचक एक आक्षेप घेईल आणि तो वजनदार आहे. शिक्षण कामाला इतके बांधले, तर हमालाला चांगला हमाल बनवून तिथेच ठेवल्यासारखे होणार नाही का? जगाने याचा अनुभव घेतला आहे. 1965 च्या तेहरान परिषदेनंतर युनेस्कोने 1967 ते 1973 या काळात अकरा देशांत कार्यात्मक साक्षरतेचा मोठा प्रयोग केला, ज्यात वाचन-लेखन थेट उत्पादनाशी जोडले होते. 1976 मध्ये झालेल्या त्याच्या परखड मूल्यमापनात आर्थिक उद्दिष्टावरच दिलेला भर अपुरा ठरला. सामाजिक आणि सांस्कृतिक अंगे सोडली तर साक्षरता रुजत नाही, असा त्याचा रोख होता. मी तो निष्कर्ष मानतो. पण कामाचा हिशेब शिकणे म्हणजे फक्त काम शिकणे नव्हे. महाराष्ट्राचा 1969 चा माथाडी कायदा पाहा. त्याप्रमाणे व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही माथाडी मंडळाकडे भरतो आणि मंडळाकडून कामगाराला मजुरी, भविष्य निर्वाह निधी, उपदान मिळते. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीने मिळवलेला हा हक्क प्रत्यक्षात एका खात्यातली नोंद असतो. ती नोंद वाचता येणे हे कामाचेही शिक्षण आहे आणि नागरिकत्वाचेही. मजुरीचे खाते समजू लागलेला माणूस मुलाच्या शाळेचा दाखला, दवाखान्याची चिठ्ठी, कर्जाचा करार यांच्याकडेही त्याच नजरेने पाहू लागतो.

आणि पुढच्या कामाची दारेही इथूनच उघडतात. नग मोजणारा हमाल वजन लिहू लागला की मापाऱ्याच्या कामाच्या जवळ येतो. गोदामात आज मालाची नोंद छोट्या पडद्यावर होते. तिथे पोते उचलण्याइतकेच चिठ्ठीवरचा क्रमांक ताडून पाहणेही महत्त्वाचे असते. वाहतुकीचे वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी असलेली आठवी उत्तीर्णची अट 2019 मध्ये केंद्राने काढली. हा निर्णय योग्यच होता, कारण त्या अटीने कसबी चालक बाहेर राहत होते. पण मालाची बिल्टी, रस्त्यावरच्या पाट्या आणि विम्याचा कागद वाचावाच लागतो. अट गेली तरी गरज राहिली, आणि ती भागवण्याची जबाबदारी आता प्रौढ शिक्षणावर आहे. यंत्रे आली की हमालीच कमी होईल, मग हे सारे कशाला, असेही विचारले जाते. हमाली कमी होणार असेल तर शिक्षणाची निकड आणखी वाढते: नुसत्या पाठीच्या बळावर चालणारे काम सर्वांत आधी जाईल.

वाचता आले म्हणून हमालीचा दर वाढत नाही, हे मात्र कबूल केले पाहिजे. नगावरची मजुरी साक्षराला आणि निरक्षराला सारखीच. हक्काचे पैसे न बुडणे आणि पुढच्या कामाला पात्र होणे हे फायदे खरे असले तरी उशिरा दिसतात. वर्गात बसण्याचा तोटा मात्र त्याच दिवशी होतो. खरी अडचण आहे ती इथे. 2022 ते 2027 साठीच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात व्यावसायिक कौशल्ये आणि जीवनकौशल्ये आहेत, हे चांगले झाले. पण खर्च सुमारे 1,038 कोटी आणि लक्ष्य पाच कोटी शिकणाऱ्यांचे. माणशी दोनशे रुपयांच्या थोडे वर पडतात. शिकवणारे स्वयंसेवक बिनमोबदला. उलट 2023 च्या विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, शिंपी अशा कारागिरांना प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये मिळतात. बुडालेल्या मजुरीची भरपाई करावी लागते हे सरकारने तिथे मान्य केले आहे. मग पोते उचलणाऱ्याच्या आणि मिरची खुडणाऱ्या बाईच्या वाचनाच्या तासाला ते तत्त्व का लागू होऊ नये, याचे समाधानकारक उत्तर मला सापडत नाही.

वर्गाची वेळही शाळेच्या वर्षाप्रमाणे न धरता आवकेप्रमाणे धरावी लागेल. भाजीपाला बारमाही आहे, त्या विभागात लिलाव संपल्यानंतरचे दोन तास पाहावे लागतील. संत्र्याचा आंबिया बहार दिवाळीच्या सुमारास जोरात असतो आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये. लाल मिरचीही उन्हाळ्याच्या तोंडावर येते. या महिन्यांत कोणी वर्गाला येणार नाही आणि तसा आग्रहही धरू नये. बाजार समितीने पावसाळ्यात एक शेड द्यावी, माथाडी मंडळाने वर्गाचे तास कामाचे तास धरावेत, वाचता येणाऱ्या हमालांमधूनच शिक्षक निवडून त्यांना मानधन द्यावे, आणि पहिल्या दिवशीचे पुस्तक म्हणून खरी काटापट्टी पुढे ठेवावी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्यासाठी चार महिने मिळतात.