वडे किती काढायचे?

पावसाळ्यात भिवपुरी रोड स्टेशनावर उतरून आषाणेच्या धबधब्याकडे मुंबईकरांची रीघ लागते. वाटेवर वड्याची गाडी लावणाऱ्या आपल्या भगिनींना दर रविवारी पहाटे एकच कोडे पडते: वडे किती काढायचे? उरले तर बचत गटाच्या कर्जातून आणलेले तेल-बेसन वाया, कमी पडले तर गिऱ्हाईक माघारी.

आम्ही म्हणतो, वही घाला. समजा, नऊ रविवारची मागणी अशी निघाली: ९०, १००, ११०, १२०, १३०, १४०, १५०, १६० आणि एका जोडसुट्टीला ३५०. सरासरी येते १५०. पण ती एकट्या ३५० ने फुगवलेली! नऊपैकी सहा रविवारी तेवढे वडे खपलेच नसते. चढत्या क्रमातला मधला आकडा आहे १३०. वड्याला खर्च ८ रुपये, विक्री १५ ला धरू. उरला तर ८ बुडाले, कमी पडला तर ७ हुकले. दोन्ही जवळपास सारखेच, म्हणून १३० बरे. नफा मोठा असेल तर थोडे वर सरकावे.

भिवपुरीचे टाटांचे वीजघर १९२२ पासून चार महिन्यांच्या पावसावर वर्षभराची वीज काढते. नोंदीवाचून तेही चालायचे नाही.

वहीत मात्र विक्री नव्हे, मागणी लिहावी. वडे संपल्यावर वीस जण परतले तर तेही टिपावेत, नाहीतर आकडा १३० च्या पुढे कधी जाणारच नाही. आणि धबधब्यावर बंदीहुकूम निघाला तर जुनी वही बाजूला ठेवून, आधी स्टेशनावर चौकशी करूनच बटाटे उकडायला टाकावेत.