गंजाचा काळा थर

अणुभट्टीतले पाणी गाभ्यातली उष्णता बाहेर आणते आणि ज्या नळांतून वाहते त्यांचे लोखंड कणाकणाने खातही राहते. हे खाणे पूर्ण थांबवता येत नाही. म्हणून गंज कुठे चढावा आणि कुठे चढू नये, हे पाण्याच्या रसायनशास्त्राने ठरवावे लागते.

मुंबईतल्या चिंचपोकळी-लालबागच्या गिरण्यांतल्या बॉयलरचे दुखणे निराळे होते. पाण्यातले क्षार पत्र्यावर पांढरा थर धरत, उष्णता अडे, कोळसा जास्त जळे; थर खरवडून काढणे हे नेमाचे काम असे. अणुभट्टीच्या पाण्यातून क्षार आधीच काढलेले असतात. तिथला मळ यंत्राच्या धातूतूनच निपजतो.

महाराष्ट्रात अशा अणुभट्ट्यांचे दोन प्रकार पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला आहेत. १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्यांच्या रचनेत साधे पाणी गाभ्यातच उकळते. तिसऱ्या-चौथ्या भट्ट्या २००५-०६ मधल्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या. त्यांत जड पाणी मोठ्या दाबाखाली सुमारे ३०० अंशांपर्यंत तापते.

उकळत्या पाण्याच्या भट्टीत किरणोत्सर्गाने पाण्याचे रेणू फुटतात आणि पाण्यात ऑक्सिजन उरतो, साधारण अब्जात दोनशे भाग. एवढासा ऑक्सिजनही वेल्डिंगजवळच्या ताण बसलेल्या स्टेनलेस पोलादाला तडे पाडायला पुरतो. त्यात कंडेन्सरची नळी गळून समुद्राचे क्लोराइड आत आले तर धोका आणखी वाढतो. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या मूळच्या प्रत्येकी २१० मेगावॉटच्या. दुय्यम वाफजनित्रांच्या नळ्या गळू लागल्याने ती जनित्रे बाजूला काढावी लागली आणि क्षमता १६० मेगावॉटवर आली. नळीला पडलेल्या केसाएवढ्या भोकाची किंमत अशी मोजावी लागते.

जड पाण्याच्या भट्टीत पाणी मुद्दाम अल्कधर्मी ठेवतात. लिथियम हायड्रॉक्साइड घालून पीएच १०च्या थोडा वर राखला, की लोखंडाचे ऑक्साइड थंड पाण्यापेक्षा गरम पाण्यात जास्त विरघळते. त्यामुळे ते तापलेल्या इंधनावर बसत नाही. लिथियम फार झाले तर गाभ्यातल्या झिर्कोनियम धातूच्या नळ्यांना इजा होते. ऑक्सिजन दाबून ठेवायला थोडा हायड्रोजन सोडतात. तो जास्त झाला तर झिर्कोनियमच्या नळ्या ठिसूळ होतात. दोन्हीकडून मर्यादा असलेले हे काम आहे आणि ते रोज तपासावे लागते.

नवी भट्टी चालू करण्यापूर्वीच कार्बन पोलादाच्या नळांतून गरम अल्कधर्मी पाणी काही दिवस फिरवून मॅग्नेटाइटचा पातळ, घट्ट थर चढवतात. हा काळा गंज खालच्या धातूची राखण करतो. सैल सुटलेले कण मात्र पाण्याबरोबर हिंडतात. नमुना बारीक गाळणीच्या गोल चकतीवरून जाऊ दिला की ती करडी किंवा काळी पडते. तांबूस झाली तर पाण्यात ऑक्सिजन असल्याची शंका घ्यावी.

हे कण गाभ्यातून जाताना त्यांतला कोबाल्ट न्यूट्रॉन पकडून कोबाल्ट-६० होतो. व्हॉल्व्हच्या कठीण मिश्रधातूची झीज हा या कोबाल्टचा एक मोठा उगम. मग ते कण बाहेरच्या नळांवर, पंपांवर जाऊन बसतात. भट्टी बंद केल्यावर दुरुस्तीला उतरणाऱ्या कामगाराला किरणोत्सर्गाची जी मात्रा मिळते, तिचा बराच भाग या थरातून येतो. सगळ्या काटेकोरपणाचे एक मोठे कारण हेच आहे.

थर वाढला की तो धुतात. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या कल्पाक्कम येथील जल व बाष्प रसायन विभागाने यासाठी पातळ द्रावणाची पद्धत विकसित केली. त्यात सायट्रिक आम्ल, ॲस्कॉर्बिक आम्ल आणि लोखंडाला धरून ठेवणारे संयुग अगदी अल्प प्रमाणात असते. सुमारे ८५ अंशांना ते फिरवल्यावर थर विरघळतो आणि सुटलेले लोह व कोबाल्ट आयन-विनिमय रेझिनवर अडकतात. पाणी भट्टीतच राहते. जड पाण्याचे मोल पाहता ते सोडून देणे परवडणारे नाही. रेझिन मात्र किरणोत्सर्गी होते. ते घन स्वरूपात घट्ट बांधून बंदिस्त ठेवतात. त्यातला कोबाल्ट दर ५.२७ वर्षांनी निम्मा उरतो.