सणाची आरास आणि हाताची प्रतिभा

लग्नसराई जवळ आली किंवा गणेशचतुर्थीला आठ-पंधरा दिवस उरले, म्हणजे घरोघर एक प्रश्न निघतो : यंदा आरास काय करावयाची? या प्रश्नास हल्लीं बहुधा एकच उत्तर मिळतें, आणि तें म्हणजे बाजारांत काय आलें आहे तें पाहूं. मखर तयार मिळतें, तोरण तयार मिळतें, आणि रुखवतसुद्धां पैसे मोजले कीं मांडवांत आणून मांडून देणारे लोक शहरांत आहेत. घरांत कोणी म्हणालेंच कीं ‘आपण कांहीं तरी करूं या’, तर दुसरें कोणी लगेच म्हणतें, ‘पण आपल्याला सुचायला हवें ना!’ हें शेवटचें वाक्य आम्हांस फार विचार करण्याजोगें वाटतें. सुचत नाहीं म्हणून हातून होत नाहीं, अशी लोकांची समजूत आहे. आमचा अनुभव असा कीं, हात चालत नाहीं म्हणून सुचत नाहीं.

मम्मटाचार्यांनीं ‘काव्यप्रकाशां’त काव्य कशानें जन्मास येतें याचा विचार करतांना तीन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली शक्ति, म्हणजे उपजत प्रतिभा. दुसरी निपुणता, ही लोकव्यवहार, शास्त्रें व काव्यें डोळसपणें पाहिल्यानें येते. तिसरा अभ्यास, आणि तोही जाणत्याच्या हाताखालीं केलेला. गोष्टी तीन सांगितल्या, तरी ‘हेतु’ हा शब्द त्यांनीं एकवचनींच योजिला आहे. आणि तिन्ही मिळून एकच कारण होतें, तीं तीन निराळीं कारणें नव्हेत, असा खुलासाही स्वतःच केला आहे. आम्ही मुलांस हें स्थळ शिकवीत असतांना नेहमीं मनांत येई कीं, आचार्यांनीं हें लिहिलें कवींसाठीं, पण तें लागू पडतें आमच्या घरांतील बायकांच्या रांगोळीला आणि मुलांच्या आकाशकंदिलालाही. तें कसें, तें थोडें विस्तारानें सांगतों.

प्रथम निपुणता घेऊं. दक्षिण कोंकणांत व गोमंतकांत गणपतीच्या मूर्तीवर छताखालीं लांकडाची एक चौकट टांगतात. तिला कोंकणांत माटवी आणि गोव्यांत माटोळी म्हणतात. या चौकटीस नारळ, सुपारीचे घोस, केळीं, काकडी, चिबूड, आंबाडे, आंब्याचे टाळे, तेरड्याचीं फुलें आणि रानांतील लालभडक कवंडळें बांधावयाचीं. भाद्रपदांत रान आणि परसू जें देईल तें देवाच्या डोक्यावर टांगावयाचें, एवढाच तिचा नियम. पण तो पाळावयाचा म्हणजे चतुर्थीपूर्वी रानांत हिंडावें लागतें. कोणती वेल कोणत्या बांधावर चढते, कोणतें फळ नुसतें शोभेचें व कोणतें खाण्याचें, हिरव्यागार पानांत नारिंगी रंग कोठें ठेवला असतां उठून दिसेल, हें सारें मुलगा वडिलांच्या मागून चालतां चालतां शिकतो. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत आम्हीं जीं नांवें पाठ करवून घेतलीं, तीं परीक्षेनंतर विसरलीं गेलीं. माटवीला बांधलेलें फळ मात्र कोणी विसरत नाहीं. आचार्यांस अभिप्रेत असलेलें लोकावलोकन तें हेंच.

आतां अभ्यास. संक्रांतीचा हलवा ज्यांनीं घरीं होतांना पाहिला आहे, त्यांस या शब्दाचा अर्थ निराळा सांगावयास नको. परातींत तीळ किंवा खसखस घेऊन ती मंद आंचेवर ठेवावयाची, वर साखरेचा पाक चमच्यानें थोडा थोडा सोडावयाचा आणि बोटांनीं दाणे सारखे फिरवीत राहावयाचें. पाक अधिक पडला तर दाणे एकमेकांस चिकटतात. आंच वाढली तर साखर पिवळी पडते. एक थर वाळावा, मग दुसरा द्यावा. असें तासन् तास चालल्यावर कोठें दाण्यावर कांटा फुलूं लागतो. यावर काम संपलें असें नाहीं. हलव्याच्या दाण्यास भोंक नसतें, म्हणून तो मण्यासारखा ओवतां येत नाहीं; दोऱ्याच्या गांठींत एकेक दाणा धरून बांधावा लागतो. अशा गांठी मारून मारून नववधूच्या पहिल्या संक्रांतीसाठीं मंगळसूत्र, नथ, बिंदी, बाजूबंद, कंबरपट्टा असा सगळा साज तयार होतो, आणि काळ्या चंद्रकळेवर तो पांढराशुभ्र साज असा खुलतो कीं सोन्यानेंही तो थाट येऊं नये. हें कोणीही पुस्तकावरून शिकलें नाहीं. आंच किती ठेवावी तें आजीनें परातीजवळ बसून नातीला सांगितलें आणि नातीनें बोटें भाजून घेऊन तें ध्यानांत ठेवलें.

राहिली शक्ति. ही देवानें दिलेली, ती आपल्या हातची नव्हे, म्हणून पुष्कळ लोक येथेंच हात टेकतात. परंतु शक्ति कोणाजवळ आहे आणि कोणाजवळ नाहीं, हें काम केल्यावांचून कळावें कसें? चैत्रांगणाचें उदाहरण घ्या. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्यतृतीयेपर्यंत चैत्रगौरीपुढें ही रांगोळी काढतात. पाळण्यांतील गौर, शंख, चक्र, गदा, पद्म, सूर्य-चंद्र, तुळशीवृंदावन, गोपद्में, अंबारीचा हत्ती, कासव, नाग, फणी-करंडा हीं चिन्हें परंपरेनें ठरलेलीं. एकूण चिन्हें किती याविषयीं घरोघर निरनिराळी गणना असते, पण स्वतःच्या मनचें चिन्ह काढण्याची मुभा या रांगोळींत फारशी नाहीं. असें असूनही दोन घरचीं चैत्रांगणें एकसारखीं कधींच दिसत नाहींत. एकीचा हत्ती गंभीर, तर दुसरीचा खोडकर. एकीच्या कमळाच्या पाकळ्या मिटत आलेल्या, तर दुसरीच्या पूर्ण उमललेल्या. अंगठा व तर्जनी यांच्या चिमटींतून सुटलेली रेघ परत घेतां येत नाहीं. ती वांकडी गेली तर पुसण्याऐवजीं तिचेंच एक पान किंवा डहाळी करावी, हें जिला ऐन वेळीं उमगतें तिच्या ठिकाणीं शक्ति आहे असें आम्ही समजतों. काय काढावें हें ठरलेलें असल्यामुळें तिचें सारें लक्ष कसें काढावें याकडे लागतें, आणि तिची प्रतिभा नेमकी तेथेंच प्रकट होते.

हाच अनुभव मुलांस आकाशकंदिलांत येतो. सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या घ्याव्या आणि चार-चार कामट्यांच्या सहा चौकटी बांधाव्या. एक चौकट वर आडवी, एक खालीं आडवी, आणि मधल्या चार कोनावर उभ्या, अशा रीतीनें प्रत्येक कोपरा शेजारच्या चौकटीच्या कोपऱ्यास बांधीत जावें. बारा ठिकाणीं सांधे बांधून झाले कीं सांगाडा पुरा होतो. आणि मग मुलास दिसतें कीं आपण सहा चौकोन केले, पण मध्यें आठ समभुज त्रिकोण न करतांच उत्पन्न झाले आहेत! त्या त्रिकोणांस कोणत्या रंगाचा पतंगी कागद लावावा, हा विचार त्याच्या मनांत सांगाडा होईपर्यंत नव्हता; तो सांगाड्यानें सुचविला. पुढें खळ लावून कागद डकवावा, खालीं झिरमिळ्या सोडाव्या, हें सगळें ओघानें येतें. आम्हीं भूमितीचे सिद्धांत फळ्यावर पुष्कळ वर्षें शिकविले. पण तो त्रिकोण पाहून मुलाच्या चेहऱ्यावर जें आश्चर्य उमटतें, तें फळ्यासमोर क्वचितच पाहावयास मिळालें.

आतां कोणी म्हणेल कीं, बाजारची आरास अधिक सफाईदार असते, हें तरी खरें ना? खरें आहे. पण उत्सवाच्या आराशींत सफाईहून मोठी अशी एक गोष्ट असते. कालिदासानें कुमारसंभवाच्या सातव्या सर्गांत पार्वतीच्या विवाहाची शोभा वर्णिली आहे. हिमालयाच्या नगरींत चिनी रेशमाच्या पताका व सोन्याचीं तोरणें झळकत आहेत. तरी पार्वतीच्या केशकलापास बांधली आहे ती दूर्वा गुंफलेली मोहाच्या फुलांची माळ. पुढें कविकुलगुरूनें एक फार कोमल प्रसंग घातला आहे. आई मेना मुलीच्या हातास लोकरीचें मंगलसूत्र बांधावयास जाते. डोळे पाण्यानें भरल्यामुळें तें भलत्याच जागीं पडतें, आणि दाई आपल्या बोटांनीं तें सरकवून नीट बसविते. सोन्याच्या तोरणांपेक्षां हा चुकलेला दोराच वाचकाच्या मनांत घर करून राहतो. घरच्या हातच्या वस्तूंतील उणीव ही अशी असते; तींत करणाराचें मन दिसतें.

मात्र या परंपरेचा गौरव करतांना तिचे दोष झांकून ठेवणें योग्य नव्हे. रुखवत हें मूळचें मुलीकडच्या बायकांच्या हातचें कौतुक. सुपारीला नाकडोळे काढून केलेलें वधूवर, सप्तपदीचा देखावा, खोबऱ्याच्या वाट्यांवरील नक्षी, क्रोशाचे रुमाल, कांचनळ्यांचीं तोरणें, कापसाचीं गेजवस्त्रें हीं त्यांतील रत्नें. पुढें त्याच मेजावर भांडीं आलीं, मग विजेचीं यंत्रें आलीं, आणि कौतुकाची जागा हिशेबानें घेतली. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालीं झाला. पण मुलीच्या बापास कर्ज काढावयास लावणारें रुखवत कोणत्याही नांवाखालीं मांडलें तरी तें शोभा देत नाहीं. दुसरा दोष याहून जुना आणि अधिक दुःखद आहे. लाडू-पापडांपासून देवाच्या वातींपर्यंत ज्यांचे हात राबत, त्यांपैकीं कित्येक घरांतील विधवा आत्या, काकू, आज्या असत. काम त्यांचें, मांडवांत पुढें होण्याची मात्र त्यांस मनाई. ज्या कलेनें करणारीसच दाराआड उभें केलें, तिचें कौतुक पूर्ण मनानें कसें करावें? म्हणून आमची एक सूचना आहे. रुखवतांतील प्रत्येक वस्तूजवळ ती करणाराचें नांव लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, आणि त्या नांवाच्या व्यक्तीस, मग ती सवाशीण असो वा विधवा, कुमारी असो वा मुलीचा भाऊ, आदरानें पुढें बोलवावें.

मुलीचा भाऊ असें आम्हीं मुद्दाम म्हटलें. सुई, चिमूट आणि परात हीं बायकांचीं, असें ठरवून आपण कलेवरील अर्धें घर वगळलें आणि उरलेल्या अर्ध्यावर दुप्पट ओझें घातलें. आज घरांतील बायका नोकरीही करितात. त्यांनीं रात्रीं जागून आरास करावी आणि पुरुषांनीं सकाळीं ती वाखाणावी, असा संकल्प असेल तर बाजारचें मखर आणलेलें बरें.

ही कला जपण्याचा दुसरा मार्गही नाहीं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत दिवे, अडकित्ते, कोरीव दारें, वाद्यें अशा जुन्या घरांतील शेंकडों वस्तु पाहावयास मिळतात. त्या लांकडाच्या व धातूच्या, म्हणून टिकल्या. रांगोळी संध्याकाळीं पुसली जाते, हलवा संक्रांतीनंतर वांटला जातो, मुंडावळ्यांचीं फुलें दुसऱ्या दिवशीं कोमेजतात. वात्स्यायनानें चौसष्ट कलांत तांदूळ-फुलांची रचना आणि माळा गुंफणें यांस स्थान दिलें. पण त्या काळची एकही माळ आज कोणी दाखवूं शकणार नाहीं. या कला कपाटांत ठेवतां येत नाहींत. त्या पुन्हा केल्या तरच राहतात, आणि एका पिढीनें केल्या नाहींत तर पुढच्या पिढीस त्या विचारावयास कोणी उरत नाहीं.

महाराष्ट्र सरकारनें मार्च २०१८ मध्यें प्लास्टिकबरोबर थर्मोकोलच्या आराशीवरही बंदी घातली, तेव्हां पुष्कळ कुटुंबांस कागद, कापड, बांबू व फुलें यांकडे पुन्हा वळावें लागलें. कायद्यानें उघडलेली ही वाट आपण आवडीनें रुंद करावी. त्यासाठीं मोठा घाट घालण्याचें कारण नाहीं. एका वर्षीं एकच वस्तु घरीं करावी. घरांत जें वडील माणूस ती जाणत असेल त्यास शेजारीं बसवावें, दिवस आधीं ठरवून घ्यावा, साहित्य थोडें ठेवावें आणि चुकलेली वस्तु टाकून न देतां तीही मांडावी. सुचण्याची वाट पाहत बसूं नये. येत्या दिवाळींत मुलांपुढें चोवीस कामट्या, दोरा आणि खळीची वाटी ठेवा, आणि तुम्हीही त्यांच्याबरोबर बसा. पुढचें सहावी चौकट बांधून होतां होतां सुचूं लागेल.