जितका मंद, तितका मोलाचा

विज्ञानकथांच्या विश्वात उजळणाऱ्या खड्यांना फार भाव. ‘स्टार वॉर्स’मध्ये कायबर स्फटिकाशिवाय प्रकाशाची तलवार पेटत नाही, ‘स्टार ट्रेक’मधल्या यानांना प्रकाशापेक्षा वेगानं जायचं तर डायलिथियम लागतं आणि क्रिप्टोनाइटचा हिरवा तुकडा सुपरमॅनसारख्या गड्यालाही लोळवतो. जास्त तेज तो खडा जास्त मोलाचा, असा तिथला साधारण हिशेब. खऱ्या जगातही उजळणारा एक मौल्यवान स्फटिक आहे. पेण-रोह्यात एखाद्या एक्स-रे केंद्रात गेलात, तर तंत्रज्ञाच्या छातीवर तो दिसायला हवा. दिसायला म्हणजे त्याचा डबा, अर्थात किरण मोजायचा बॅज, कारण स्फटिक आत असतो आणि छातीवर असताना मुळीच उजळत नाही. या स्फटिकाचा हिशेब मात्र उलटा: तो जितका कमी उजळेल तितकं चांगलं.

त्याचं नाव डिस्प्रोशियम मिसळलेलं कॅल्शियम सल्फेट. यातलं कॅल्शियम सल्फेट पेणकरांना सांगायला नको. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांत गणपतीच्या कारखान्यांतून ज्या पीओपीच्या मूर्ती बाहेर पडतात, त्या याच पदार्थाच्या. जिप्सम दीडशे अंशांच्या आसपास भाजलं की त्यातलं बरंचसं पाणी निघून जातं आणि पीओपीची पूड उरते. साच्यात ओतताना पाणी परत मिळालं की ती घट्ट होते, म्हणजे पुन्हा जिप्समच बनते. शाडू की पीओपी हा वाद दर भाद्रपदात रंगतो, तो आपण इथे बाजूला ठेवू. पेणच्या खारेपाटात तर हा पदार्थ समुद्रच आणून देतो. मिठागरात घेतलेलं खारं पाणी उन्हानं आटत आटत पाचव्या हिश्शाच्या आसपास आलं की आधी जिप्सम खाली बसायला लागतं. मीठ त्यानंतर, पाणी दहाव्या हिश्शापर्यंत उतरल्यावर. चांगलं मीठ हवं असेल तर हे जिप्सम आधीच्या वाफ्यांतच बसू द्यावं लागतं.

हेच कॅल्शियम सल्फेट बॅजमध्ये जायचं तर दोन गोष्टी बदलतात: पाणी पूर्ण जातं आणि डिस्प्रोशियम येतं. डिस्प्रोशियम हे दुर्मिळ मृदा गटातलं मूलद्रव्य. लकॉक द ब्वाबोद्रां या फ्रेंच रसायनज्ञानं ते १८८६ मध्ये शोधलं. इथे ते अगदी चिमूटभर लागतं, कॅल्शियमच्या दोन हजार अणूंमागे साधारण एक अणू. दोन्ही द्रव्यं तापलेल्या तीव्र गंधकाम्लात विरघळवतात आणि मग ते आम्ल सावकाश उडवून टाकतात. द्रव आटला की स्फटिक उरतो, ही युक्ती मिठागरवाल्याचीच, फक्त इथे उन्हाऐवजी भट्टी आहे आणि त्या वाफेपुढे उभं राहायची कुणाची छाती होणार नाही. उरलेले स्फटिक धुऊन सातशे अंशांच्या आसपास भाजतात, दळतात, चाळतात. ही पूड टेफ्लॉनमध्ये मिसळून तिच्या १३.३ मिलिमीटर व्यासाच्या, जेमतेम ०.८ मिलिमीटर जाडीच्या पांढऱ्या चकत्या केल्या जातात.

बॅज उघडून पाहिला तर निकेलचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची पट्टी दिसते आणि तिच्यावर अशा तीन चकत्या. वरच्या डब्यात एका चकतीसमोर तांबं आणि ॲल्युमिनियम असतं, दुसरीसमोर प्लास्टिक, तिसरीसमोर नुसती खिडकी. कमी ताकदीचे किरण धातूपाशीच अडतात, बीटा किरण प्लास्टिकपाशी रोडावतात, उघड्या खिडकीतून सगळंच आत येतं. त्यामुळे तिन्ही चकत्यांच्या आकड्यांतला फरक पाहून किरण कोणत्या जातीचे होते हेही कळतं.

आता उजळण्याचं गुपित. क्ष-किरण किंवा गॅमा किरण स्फटिकातून जातात तेव्हा इलेक्ट्रॉन आपल्या जागेवरून उडतात. बरेचसे लगेच माघारी येतात, पण काही स्फटिकाच्या जडणघडणीतल्या दोषांमध्ये अडकून पडतात. नेहमीच्या तापमानाला त्यांच्या अंगात सुटण्याइतकी ताकद नसते, म्हणून महिनोन्‌महिने ते तिथेच राहतात. स्फटिक सव्वादोनशे अंशांच्या आसपास तापला की ते एकदम मोकळे होतात, आणि त्यांची साठलेली ऊर्जा डिस्प्रोशियमचे अणू निळ्या व पिवळ्या प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकतात. या प्रकाराला थर्मोल्युमिनेसन्स म्हणतात, बॅजच्या टीएलडी या नावातली पहिली दोन अक्षरं त्याचीच. प्रकाश इतका अल्प, की तो मोजायला फोटोमल्टिप्लायर नळी लागते. भारतीय वाचकयंत्रात चकतीवर सुमारे २८५ अंशांच्या तप्त नायट्रोजनचा झोत सोडतात, काही सेकंदांत ती उजळून विझते आणि त्या चढउताराचा आलेख तेवढा मागे राहतो. किती किरण लागले त्या प्रमाणात प्रकाश. वाचलं की पान जवळजवळ कोरं झालं. चकती पुन्हा तासन्‌तास तापवून पुरती रिकामी करतात आणि ती दुसऱ्या कुणाच्या तरी छातीवर जायला मोकळी होते.

तापवल्यावर उजळणारे खडे माणसाला जुनेच माहीत होते. १६६३ मध्ये रॉबर्ट बॉइलनं एक हिरा अंधारात अंगाच्या उबेला धरला, तेव्हा त्याला त्यात मंद प्रकाश दिसला, आणि ते त्यानं रॉयल सोसायटीला कळवलं. मारी क्युरीनं आपल्या प्रबंधात नोंदवलं, की तापवून विझलेलं फ्लोराइट रेडियमजवळ ठेवलं तर पुन्हा उजळायला लागतं. या प्रकाशातून किरणांची मात्रा मोजता येईल हा विचार फॅरिंग्टन डॅनियल्स यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत पुढे आणला. डिस्प्रोशियमवालं कॅल्शियम सल्फेट आलं ते जपानी संशोधकांकडून. तोवर प्रचलित असलेल्या लिथियम फ्लोराइडपेक्षा ते कितीतरी पट जास्त उजळत होतं.

भारतात किरणांत काम करणाऱ्यांचं मोजमाप १९५२ मध्ये फिल्मच्या बॅजनं सुरू झालं. पण आपल्या दमट उकाड्यात फोटोची फिल्म खराब होते, हे कोकणातल्या माणसाला निराळं सांगायला नको. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं कॅल्शियम सल्फेटचा बॅज तयार केला आणि १९७५ पासून तो देशात वापरात आला. इतर अनेक देशांनी लिथियम फ्लोराइडची वाट धरली असताना आपण स्वस्त, देशातच बनवता येण्याजोगा आणि अतिसंवेदनशील स्फटिक निवडला. मला हा निर्णय त्या काळातल्या मोठमोठ्या यंत्रांपेक्षाही शहाणपणाचा वाटतो. त्यात एक खोट आहे: कॅल्शियम सल्फेट मानवी ऊतींपेक्षा जड अणूंचं, त्यामुळे कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांना ते प्रमाणाबाहेर जास्त प्रतिसाद देतं. ती खोट भरून काढायलाच त्या धातूच्या पडद्याची योजना आहे.

हा बॅज फक्त दवाखान्यांतच लागतो असं नाही. रोह्याचं धाटाव, रोहे तालुक्यातलंच नागोठणे, पेणजवळचं डोलवी असा हा सगळा रसायन, पेट्रोकेमिकल आणि पोलादाचा पट्टा. अशा उद्योगांत पाइप आणि टाक्यांचे वेल्ड तपासायला इरिडियम-१९२ चे गॅमा किरण वापरतात, बंद भांड्यातली पातळी बाहेरून ओळखायला सिझियमचे गेज बसवतात. वेल्डची रेडिओग्राफी पुष्कळदा रात्री, आजूबाजूची माणसं हलवून चालते. तिथल्या माणसाला किरण दिसत नाहीत, वास नाही, चटका नाही, साक्षीदार म्हणून छातीवरच्या तीन चकत्या असतात. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानुसार अशा कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट मात्रेची मर्यादा आहे आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जायचं नाही. निसर्गाकडून जगातल्या माणसाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. नीट काम चाललेल्या एक्स-रे खोलीतला तंत्रज्ञ कामातून वर्षाला एका मिलिसिव्हर्टच्याही आत राहू शकतो, म्हणजे त्याचा स्फटिक वाचताना जेमतेमच उजळतो.

बॅज बहुधा तीन महिन्यांनी बदलतो, आणि प्रत्येक संस्थेकडे एक जादा बॅज येतो, तो कुणीच लावायचा नसतो. किरणांपासून लांब, कपाटात त्याला ठेवायचं. वाटेत आणि साठवणुकीत निसर्गाचे किती किरण लागले ते त्यावरून कळतं आणि तेवढे इतरांच्या आकड्यांतून वजा होतात. शिशाचा ॲप्रन घातला तर छातीवरचा बॅज ॲप्रनच्या आत लावायचा, कारण मोजायचं आहे ते शरीराला लागलेलं. लोक मात्र काम झालं की ॲप्रन खोलीतच खुंटीला टांगतात, बॅजसकट. मग तीन महिने माणूस बाहेर चहा पिताना बॅज खोलीत बसून किरण झेलतो, तुर्भ्याच्या प्रयोगशाळेत किंवा तिनं मान्यता दिलेल्या केंद्रात तो लख्ख उजळतो आणि संस्थेला विचारणा येते: हा डोस माणसाला लागला की खुंटीला? स्फटिकाला तेवढं सांगता येत नाही, ते त्या माणसालाच लिहून द्यावं लागतं.