गुटगुटीत बाळाच्या वाटीत लोह आहे का?

बाळ गुटगुटीत असले की घरातली मंडळी निर्धास्त होतात. दूध भरपूर पिते, वजन वाढते, मग काळजी कसली? पण वजनकाट्यावर लोह दिसत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाची देशातील ६७ टक्के आणि महाराष्ट्रातील सुमारे ६९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. लोहाची कमतरता हे त्यामागचे एक मोठे कारण.

पूर्ण दिवसांचे बाळ आईच्या पोटातूनच लोहाची शिदोरी घेऊन येते. ती साधारण सहा महिने पुरते. आईच्या दुधातले लोह अंगी चांगले लागते, पण ते असते थोडेच. शिदोरी संपत येते, वाढ मात्र वेगाने चालू असते आणि नेमके तेव्हाच आपण पेज, वरणाचे पाणी आणि गाईचे दूध सुरू करतो. या तिन्हींत लोह नगण्य. शिवाय गाईच्या दुधामुळे इतर अन्नातले लोहही कमी शोषले जाते. म्हणून वर्षाच्या आत ते बाळाचे मुख्य पेय नसावे.

‘रक्त कमी झाले तर टॉनिक देऊ’ हा हिशेब इथे पुरत नाही, कारण मेंदूची जडणघडण याच काळात होते. डॉ. बेट्सी लोझॉफ यांनी कोस्टारिकातील मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. तान्हेपणी लोहाची तीव्र कमतरता झालेली मुले, उपचाराने रक्त भरून निघाल्यावरही, शाळेच्या वयात चाचण्यांत मागे राहिलेली दिसली.

चिली देशाने यावर सोपी वाट काढली. तिथे सरकार लहान मुलांसाठी दूध पावडर मोफत वाटतेच. १९९९ पासून त्याच पावडरीत लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व मिसळले जाऊ लागले. आईला वेगळे काही करावे लागले नाही आणि लहानग्यांतील रक्तक्षय निम्म्याहून खाली आला.

आपल्याला घरी काय करता येईल? सहा महिने पूर्ण होताच आईच्या दुधाच्या जोडीला घट्ट वरण-भात, मोड आणून केलेले नाचणीसत्त्व, खात असाल तर मऊ शिजवलेले मांस-मासळी द्यावी. वरणावर लिंबू पिळावे. त्याने लोह शोषले जाते. एवढ्याशा पोटात मावणाऱ्या घरच्या अन्नातून गरज भागणे मात्र अवघड. म्हणून तयार धान्यपीठ घेताना डब्यावर लोहाचे प्रमाण वाचावे. सरकारी कार्यक्रमातले लोहाचे औषध आठवड्यातून दोनदा १ मिली असते. ते डॉक्टरांना विचारून द्यावे आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये.

बाळसे डोळ्यांना दिसते, लोह दिसत नाही. म्हणून पहिल्या घासापासूनच त्याची आठवण ठेवायला हवी.